'फुकट दिले की किंमत राहत नाही' : एका सोयीस्कर सिद्धांताची तपासणी

शहरांतील सुशिक्षित मध्यमवर्गात अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकू येते. घर बदलताना, दिवाळीपूर्वी आवराआवर करताना किंवा वडीलधारे माणूस गेल्यानंतर त्याची खोली रिकामी करताना एखादे कपाट, पलंग, शिलाई यंत्र किंवा मुलांची सायकल शिल्लक राहते. ती विकण्याऐवजी कोणा गरजूला फुकट द्यावी, या हेतूने तिचे छायाचित्र मोबाइलवरील एखाद्या समूहात टाकले जाते. पुढे जे घडते त्याचे वर्णन देणारे संतापाने करतात. अर्ध्या तासात 'आहे का?' अशी विचारणा करणारे ढीगभर निरोप येतात; उत्तर दिले की त्यांतील बहुतेक गप्प होतात. एक जण लांबी-रुंदी विचारतो, दुसरा घरपोच मिळेल काय असे विचारतो, तिसरा आणखी काही देण्यासारखे आहे काय याची चौकशी करतो. चौथा रविवारी सकाळी अकराची वेळ ठरवतो. देणारा दिवसभर घरी अडकून पडतो, पण माणूस येत नाही आणि फोनही उचलत नाही. पाचवा येतो, कपाटाला पोचा आहे म्हणून तोंड वाकडे करतो आणि निघून जातो. सहावा घेऊन जातो, पण आठवड्याभरात तेच कपाट दुसऱ्या समूहात किमतीसह झळकते. अखेर वैतागलेला देणारा भंगारवाल्याला हाक मारतो आणि निष्कर्ष काढून मोकळा होतो : फुकट दिले की लोकांना किंमत राहत नाही.

तक्रार क्षुल्लक वाटेल. पक्षाच्या मुखपत्राने तिच्यासाठी जागा का खर्च करावी, असाही प्रश्न काही कॉम्रेड विचारतील. त्याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे ही तक्रार आता केवळ मध्यमवर्गीय सोसायट्यांत राहिलेली नाही; पक्षाच्या सभासदांच्या, कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या तोंडीही ती येऊ लागली आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. कपाटाच्या अनुभवातून काढलेला निष्कर्ष कपाटापाशी थांबत नाही. तो पुढे जाऊन जनतेच्या हक्कांवरील हल्ल्याचा आधार बनतो.

हा सिद्धांत कोणाच्या कामी येतो?

१६ जुलै २०२२ रोजी उत्तर प्रदेशातील जालौन येथे बुंदेलखंड द्रुतगती मार्गाचे उद्घाटन करताना पंतप्रधानांनी 'रेवडी संस्कृती'पासून देशाला सावध राहण्यास सांगितले. तेव्हापासून वीजसवलत, मोफत बसप्रवास, शेतकऱ्यांची कर्जमाफी या सर्वांना 'रेवडी' म्हणण्याची प्रथा भांडवलदारी वृत्तपत्रांत रूढ झाली. याच सरकारने १ जानेवारी २०२४ पासून सुमारे ८१ कोटी लोकांना पाच वर्षे मोफत धान्य देण्याचा निर्णय केला आणि त्याचे श्रेय घेतले, ही विसंगती कोणालाही दिसू शकते. धान्य हा अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली मान्य केलेला हक्क आहे. परंतु तो हक्क म्हणून मागितला की रेवडी ठरतो आणि राज्यकर्त्याची कृपा म्हणून पदरात पडला की त्याचा उदोउदो होतो.

या प्रचाराची मुळे मध्यमवर्गीय मनात रुजतात कशी? 'फुकट मिळाले की माणूस बिघडतो', हे विधान अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून क्वचितच घराघरांत पोचते. ते पोचते अशा लहानसहान अनुभवांतून. ज्याने रविवारचा दिवस कपाट नेणाऱ्याची वाट पाहण्यात घालवला, त्याला वित्तमंत्र्यांचे भाषण पटवून देण्याची गरजच उरत नाही. ज्या वाक्याने कपाटाची गोष्ट संपते, त्याच वाक्याने रेशनवरील हल्ला सुरू होतो. म्हणून अनुभव नाकारता कामा नये. अनुभव खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे, हे दाखवून दिले पाहिजे.

कपाट फुकट, पण हमाली?

पहिला भ्रम असा की देणारा वस्तू 'फुकट' देतो. वस्तुत: चौथ्या मजल्यावर उभे असलेले लोखंडी कपाट घेणाऱ्याच्या दृष्टीने अद्याप उपयोगाची वस्तू नाही. ते खाली उतरवावे लागते, त्यासाठी दोन माणसे लागतात, टेम्पो लागतो, सोसायटीच्या फाटकावर वॉचमनला दाखवण्यासाठी चिठ्ठी लागते, घेणाऱ्याच्या वस्तीत गल्ली अरुंद असेल तर शेवटचे अंतर डोक्यावरून न्यावे लागते. एवढे श्रम आणि एवढा खर्च पडल्यानंतरच त्या कपाटाचे उपयोगमूल्य प्रत्यक्षात येते. हा सारा भार देणाऱ्याने घेणाऱ्यावर टाकलेला असतो आणि स्वत:कडे मात्र औदार्याचे समाधान ठेवलेले असते.

ओझे वाहणे हे श्रम आहेत आणि त्यांचे मोल ठरले पाहिजे, ही गोष्ट महाराष्ट्रातील कष्टकऱ्यांनी दीर्घ लढ्यानंतर कायद्यात लिहून घेतली. १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा हे त्या लढ्याचे फळ. बाजार समितीतील पोत्याला जो न्याय लागू होतो तो घरातील कपाटाला लागू होत नाही असे मानण्याचे कारण काय? देणाऱ्याला हमाली दिसत नाही, कारण त्याने स्वत: ती कधी केलेली नसते. घेणाऱ्याने 'घरपोच द्याल का?' असे विचारले की देणाऱ्याला तो उद्धटपणा वाटतो. प्रत्यक्षात त्या प्रश्नात सारे अर्थशास्त्र सामावलेले आहे : वस्तू तुम्ही देता, वाहतूक कोण देणार?

दुसरी गोष्ट वेळेची. रविवार सकाळी अकरा ही वेळ देणाऱ्याच्या सुट्टीवरून ठरते. ज्याला जुने कपाट हवे आहे तो बहुधा सुरक्षारक्षक, घरकामगार, दुकानातील नोकर किंवा वाहनचालक असतो. त्याची पाळी बारा तासांची, साप्ताहिक सुट्टीचा भरवसा नाही आणि बदली कामगार आला नाही तर पाळी संपूनही त्याला निघता येत नाही. त्याने वेळ पाळली नाही हे खरे. परंतु त्याची वेळ त्याच्या मालकीची नाही, हे त्याहून खरे आहे. पोचा पाहून परत जाणाऱ्याचेही तसेच. दहा बाय दहाच्या खोलीत एक वस्तू आणायची म्हणजे दुसरी काढावी लागते. टेम्पोचे भाडे देऊन आणलेल्या कपाटाचे दार लागत नसेल, तर ते ठेवण्याची चैन त्याला परवडत नाही. गरिबाने मिळेल ते मुकाट्याने घ्यावे आणि वर उपकारही मानावेत, ही अपेक्षा सरंजामी आहे. निवड करण्याचा अधिकार फक्त पैसे मोजणाऱ्याचा असे जो मानतो, तो दान देतानाही बाजाराचेच नियम पाळत असतो.

तिसरी गोष्ट या समूहांच्या रचनेतच आहे. बहुतेक ठिकाणी जो प्रथम 'हवे' म्हणेल त्याला वस्तू मिळते. एक कपाट आणि मागणारे पन्नास असतील, तर विचार करायला थांबणारा माणूस हमखास हुकतो. म्हणून प्रत्येक जण आधी 'हवे' म्हणतो आणि टेम्पोचे भाडे, जागा व सुट्टी यांचा हिशेब नंतर करतो. एके ठिकाणी मिळण्याची खात्री नसल्याने तो दहा ठिकाणी मागणी नोंदवतो. बेकार तरुण एका जागेसाठी दहा अर्ज करतो, त्याला कोणी फसवा म्हणत नाही. येथे मात्र त्याच वागणुकीला बेजबाबदारपणा हे नाव मिळते. वचन मोडण्याची सवय या माणसांनी बरोबर आणलेली नसते; धावाधावीच्या या पद्धतीने ती त्यांच्यावर लादलेली असते.

मध्ये उभा असलेला मालक

देणारा घेणाऱ्यावर रागावतो आणि घेणारा देणाऱ्यावर. दोघांच्या मध्ये उभा असलेला तिसरा पक्ष मात्र दोघांच्याही रागातून सुटतो. या प्रकाराचा इतिहास त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टूसॉन येथे डेरॉन बील या कार्यकर्त्याने २००३ साली 'फ्रीसायकल' सुरू केले. टाकाऊ ठरलेल्या चांगल्या वस्तू कचराभूमीत न जाता शेजाऱ्यांकडे जाव्यात, हा त्यामागील हेतू प्रामाणिक होता. गावोगावचे समूह बिनपगारी स्वयंसेवक चालवत. परंतु निर्णय वरून होत आणि जागा परक्याची होती. ब्रिटनमधील अनेक स्थानिक स्वयंसेवकांनी या केंद्रीकरणाला कंटाळून २००९ साली वेगळे होऊन 'फ्रीगल' काढले. याहू कंपनीच्या 'ग्रुप्स' या सेवेवर असे असंख्य समूह वर्षानुवर्षे चालले होते; डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने ती सेवाच बंद केली. ज्या जागेवर लोकांनी वर्षे खर्ची घातली, ती बंद करताना लोकांचे मत विचारण्याचे बंधन मालकावर नव्हते.

२०१३ साली वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर रिबेका रॉकफेलर व लीझल क्लार्क या दोघींनी 'बाय नथिंग' ही चळवळ सुरू केली. काहीही विकत घेऊ नका, शेजाऱ्याला द्या व शेजाऱ्याकडून घ्या, असे तिचे ब्रीद होते. ती पसरली मात्र फेसबुकवर. फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते व त्यातील सुमारे १३२ अब्ज डॉलर जाहिरातींतून आले. म्हणजे 'काहीही विकत घेऊ नका' असे सांगणाऱ्या प्रत्येक निरोपाच्या वर-खाली काहीतरी विकत घेण्याचा आग्रह चालू होता. कपाट देणाऱ्याने घातलेला वेळ, मागणाऱ्यांच्या पन्नास चौकश्या, न आलेल्या माणसाविषयीची चिडचीड या सर्वांनी लोकांची नजर पडद्यावर खिळून राहते, आणि ती नजरच ही कंपनी जाहिरातदारांना विकते. कपाट कोणाला मिळाले की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नाही. व्यवहार फसला तरी तिचा धंदा फसत नाही.

या समूहांत शिस्त राखण्याचे, भांडणे सोडवण्याचे, फसवणूक करणाऱ्यांना दूर ठेवण्याचे काम बिनपगारी माणसे करतात. हे श्रम आहेत हा वाद नवा नाही. अमेरिका ऑनलाइन या कंपनीचे गप्पांचे समूह सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी १९९९ साली वेतनाची मागणी करत न्यायालयात धाव घेतली आणि २०१० साली कंपनीला दीड कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली. अकरा वर्षे लागली, पण स्वेच्छेच्या नावाखाली काम करून घेतले जात होते हा प्रश्न तरी ऐरणीवर आला.

विकणाऱ्यावरचा राग

देणाऱ्यांचा सर्वांत मोठा संताप असतो तो फुकट नेलेली वस्तू विकणाऱ्यावर. त्याला लबाड, दलाल, चोर अशी विशेषणे लावली जातात. गरज असल्याचे खोटे सांगून वस्तू नेणे गैर आहे, यात शंका नाही. परंतु विक्री या गोष्टीवरच जो राग आहे, तो तपासून पाहिला पाहिजे.

मराठी घरांना बोहारीण अपरिचित नाही. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारी ही स्त्री मुंबईच्या चाळींतून पिढ्यान्‌पिढ्या फिरत आली आहे. तिने घेतलेली साडी ती स्वत: नेसत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक होते. ती साडी धुतली जाई, सांधली जाई, इस्त्री होऊन जुन्या बाजारात जाई आणि नवे कापड न परवडणाऱ्या कामगार स्त्रीच्या अंगावर येई. दिल्लीत राहणाऱ्या कॉम्रेडांना रघुबीर नगरचा बाजार माहीत असेल. दारोदार भांडी देऊन जमवलेले कपडे घेऊन वाघरी समाजाच्या स्त्रिया तेथे पहाटेच्या अंधारात बसतात. या साखळीतील प्रत्येक हात निवडण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि वाहून नेण्याचे काम करतो. विक्रीच्या किमतीतून त्या श्रमांचा मोबदला निघतो, तोही तुटपुंजा.

मग कपाट नेऊन, त्याचा पोचा काढून, बिजागरी बसवून, रंग देऊन ते विकणाऱ्याने नेमका कोणता गुन्हा केला? देणाऱ्याला ते नकोसे झाले होते. जे मूल्य नव्याने निर्माण झाले ते दुरुस्ती करणाऱ्याच्या घामाचे आहे. पगाराची नोकरी करणारा माणूस आपल्या श्रमाचे पैसे घेतो आणि त्यात त्याला काही गैर वाटत नाही; भंगारात काम करणाऱ्याने पैसे घेतले की मात्र दानाचा अपमान होतो! येथे राग लबाडीवर उरत नाही. कष्टकऱ्याला त्याच्या कष्टाचा मोबदला मिळाला, यावर तो घसरतो.

शिवाय दानाच्या वस्तूचा माल होणे ही काही गल्लीतल्या भंगारवाल्याची करामत नाही. श्रीमंत देशांतील लोकांनी धर्मादाय पेट्यांत टाकलेले कपडे गठ्ठ्यांनी खरेदी-विक्री होत जगभर फिरतात. गुजरातमधील कांडला येथे स्त्री कामगार ते निवडतात. लोकरीच्या चिंध्यांपासून पानिपतमध्ये सूत आणि घोंगड्या बनतात. जेथे सारे उत्पादनच विक्रीसाठी होते, तेथे दान दिलेली वस्तू पुन्हा माल बनते. एका घेणाऱ्याच्या नीतिमत्तेला त्यासाठी जबाबदार धरणे म्हणजे पुराचा दोष वाहून आलेल्या ओंडक्याला देणे होय.

अनोळखी माणसाला दिलेले दान सफल होते तेव्हा

येथे विरोधक एक प्रश्न विचारील : मग अनोळखी माणसाला फुकट देणे हे मुळातच अशक्य आहे काय? त्याचे उत्तर स्पष्ट शब्दांत 'नाही' असे आहे, आणि त्याचा पुरावा प्रत्येक शहरात उपलब्ध आहे. तो पुरावा म्हणजे रक्तदान.

रिचर्ड टिटमस या ब्रिटिश प्राध्यापकाने १९७० साली 'द गिफ्ट रिलेशनशिप' हा ग्रंथ लिहून ब्रिटनमधील विनामूल्य रक्तदानाची आणि अमेरिकेतील रक्ताच्या बाजाराची तुलना केली. टिटमस मार्क्सवादी नव्हते. तरीही त्यांनी दाखवून दिले की बाजारात विकत घेतलेले रक्त अधिक धोकादायक व अधिक खर्चिक ठरते, आणि फुकट दिलेले रक्त अधिक सुरक्षित असते. 'फुकट दिले की किंमत राहत नाही' या सिद्धांताचा याहून सणसणीत पराभव शोधून सापडणार नाही. ब्रिटनमध्ये हे शक्य झाले, कारण तेथे १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा ही सार्वजनिक व्यवस्था उभी होती.

भारतातही एके काळी गरिबांकडून रक्त विकत घेण्याचा धंदा उघड चालत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदात्यांवर बंदी आली. आज कारखान्यांच्या दारात, महाविद्यालयांत, गणेशोत्सवाच्या मंडपांत आणि कामगार संघटनांच्या कार्यालयांत रक्तदान शिबिरे भरतात. व्यवस्था अपुरी आहे. अनेक रुग्णालये अजूनही नातेवाइकांना बदली रक्तदाता आणण्यास सांगतात. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रक्त देणारा 'घेणारा वेळेवर आला नाही' अशी तक्रार करीत नाही. घेणाऱ्याने आभार मानले काय, तो खरोखर गरजू होता काय, याची चौकशी तो करीत बसत नाही. जमा करणे, तपासणे, साठवणे आणि पोचवणे हे काम पगारी, प्रशिक्षित माणसे करतात. देणारा आणि घेणारा एकमेकांसमोर उभे राहत नाहीत. म्हणून एकाला उपकारकर्ता आणि दुसऱ्याला लाचार व्हावे लागत नाही.

कपाट आणि रक्त यांतील फरक माणसांच्या स्वभावाचा नाही. रक्त देणारी आणि कपाट मागणारी माणसे एकाच शहरातील, पुष्कळदा एकाच घरातील असतात. फरक आहे तो व्यवस्थेचा. एकीकडे दानाच्या पाठीशी सार्वजनिक यंत्रणा आहे. दुसरीकडे दोन एकाकी माणसांना जाहिरातीच्या बाजारात सोडून दिले आहे.

मागण्या आणि काम

तेव्हा उपदेशाने भागणार नाही. केंद्र सरकारने २०२३ च्या मे-जूनमध्ये मोहीम काढून अनेक शहरांत जुन्या वस्तू जमा करण्यासाठी 'आरआरआर केंद्रे' उघडली. कल्पना चुकीची नव्हती. परंतु तीन आठवड्यांची मोहीम म्हणजे व्यवस्था नव्हे. कायम कर्मचारी, गोदाम, वाहन व दुरुस्तीची सोय नसेल, तर असे केंद्र म्हणजे चिंध्यांचा ढीग आणि उद्घाटनाची कोनशिला एवढेच उरते.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या या महिलांनी जुन्या वस्तू व ई-कचरा जमा करण्याचे कामही अंगावर घेतले आहे. महापालिकेबरोबरच्या कराराच्या नूतनीकरणासाठी त्यांना रस्त्यावर उतरावे लागले, यावरून राज्यकर्त्यांच्या लेखी त्यांचे स्थान काय ते कळते. परंतु मार्ग त्यांनीच दाखवला आहे.

त्या मार्गाने पुढील मागण्या रेटल्या पाहिजेत : प्रत्येक प्रभागात महापालिकेने जुन्या वस्तूंचे कायमस्वरूपी भांडार चालवावे, घरातून वस्तू उचलून नेण्याचे व गरजूच्या घरी पोचवण्याचे काम कचरावेचक, भंगार वेचणारे व हमाल यांच्या सहकारी संस्थांना योग्य वेतनावर द्यावे, त्यास जोडून दुरुस्तीच्या कार्यशाळा काढाव्यात, जेणेकरून सुतार, शिंपी व यंत्र दुरुस्त करणारे कारागीर यांना काम मिळेल, आणि भांडारातून वस्तू घेण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असावा, त्यासाठी गरिबीचा दाखला मागू नये.

यामुळे भांडवलशाहीचा अंत होणार नाही, हे उघड आहे. एंगेल्स यांनी १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना परोपकारी उपायांच्या मर्यादा दाखवून दिल्या होत्या. त्या या प्रश्नालाही लागू आहेत. नफ्यासाठी उत्पादन चालू आहे तोवर एका घरात तीन कपाटे आणि दुसऱ्या घरात दोरीवर कपडे, हे दृश्य राहणारच. पण मूलभूत बदल दूर आहे म्हणून आज काही मागूच नये, असे कम्युनिस्टांनी कधी म्हटलेले नाही.

पक्षाच्या शाखांना एक काम आजही करता येण्याजोगे आहे. दिल्ली, इंदूर, बडोदा, हैदराबाद असो वा मुंबई, सभासदांच्या घरी पडून असलेल्या वस्तूंची यादी शाखेने करावी, ठराविक दिवशी टेम्पो लावून त्या संघटनेच्या कार्यालयात आणाव्यात, हमालांना त्यांची हमाली द्यावी, आणि वस्तीतील लोकांना त्यांच्या सुट्टीच्या वेळी त्या पाहून घेऊ द्याव्यात. न आलेल्या माणसावर रागावण्याआधी तो का आला नाही, हे त्याच्या वस्तीत जाऊन विचारावे. उत्तर बहुधा पाळीचे तास, टेम्पोचे भाडे किंवा खोलीचे माप हेच मिळेल. आणि ते उत्तर मिळाले म्हणजे संघटनेच्या पुढच्या सभेचा विषयही मिळाला असे समजावे.

फुकट दिले की किंमत राहत नाही, असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे : किंमत कशाची राहत नाही, वस्तूची की ती वाहून नेणाऱ्याच्या श्रमाची?